पाकल्याने दिलेला डबा

माझ्या आईला पोर्तुगीजांची फार आठवण येते, असं मी जवळजवळ चाळीस वर्षं समजत होते. त्यातून मी इतिहासाची शिक्षिका. त्यामुळे या गोष्टीचा मला राग जरा जास्तच यायचा.

आमचं गाव आरोंदा. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गोवा. आता पूल झालाय, पाच मिनिटांत माणूस पलीकडे जातो आणि गाडीत पेट्रोल भरून परतही येतो. आईचं माहेर पलीकडचं, पेडण्याकडच्या एका वाडीतलं. लग्न होऊन ती होडीतून अलीकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक चपटा पत्र्याचा डबा होता. झाकणावर शिडाचं जहाज. रंग बराचसा उडालाय, शिडं तेवढी ओळखू येतात. त्यात ती मिश्री ठेवते. सकाळी मागल्या दारी बसून दातांना मिश्री लावायला डबा उघडला की आम्ही दोन्ही भावंडं ओळखायचो, आता पाकला येणार.

पाकला म्हणजे गोरा पोर्तुगीज. ती राजवट असताना असाच एक शिपाई पाणी प्यायला तिच्या घराच्या पायरीवर बसला होता. आई एवढीशी. ती त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत बसली. तो हसला, तिला गुडघ्यावर घेतलं आणि खिशातला गोळ्यांचा डबा तिच्या हातात दिला. गोळ्या तिने एकटीने खाल्ल्या नाहीत. एक कोंबडीलाही घातली. ही कोंबडी गोष्टीत दर खेपेला असायचीच, आणि कोंबडीने गोळी टोचून टाकून दिली इथपर्यंत आल्याशिवाय आई उठायची नाही. मग पाठोपाठ पाववाल्या पोदेराचा गरम पाव, दुकानातलं लाल सालीचं चीज, आणि कुणी चोरी करत नसे हे पालुपद.

तिच्या बापाचे हात मात्र त्याच राजवटीने मोडले होते. अलीकडून आलेल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांना आजोबांनी आपल्या होडीत घेतलं, म्हणून त्यांना चौकीवर नेऊन तळहातांवर लाकडी थापीने मारलं. पुढे जन्मभर त्यांची मूठ पुरी मिटत नसे. भात कालवताना शितं बोटांतून निसटायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आईसुद्धा हे सांगायची, आणि त्याच बैठकीत गोळ्यांचंही सांगायची.

मी एकदा तिला चिडून विचारलं होतं की ज्यांनी तुझ्या बापाला मारलं त्यांचा खाऊ तुला अजून गोड कसा लागतो. तिने बोट तोंडातून काढलं, चूळ भरली आणि म्हणाली, "गोळयो गोडच होत्यो."

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात जुन्या साहेबांनी लिहिलेल्या आठवणींची काही भाषांतरं आहेत. इथे राज्य करून परत गेलेल्यांना म्हातारपणी व्हरांडे आठवतात, आंबे आठवतात, मुकाट्याने पंखा ओढणारे नोकर आठवतात. त्यांचं मी एक वेळ समजू शकते. ज्याचं गेलं तो हळहळणारच. पण ज्यांच्या पाठीवर ते राज्य बसलं होतं त्यांनी का हळहळावं, हे कोडं मला कधी सुटलं नाही, आणि त्याचं जितंजागतं उदाहरण रोज माझ्याच माहेरी मिश्री लावत बसलेलं असायचं. माझा स्वभाव तापट आहे. वर्गात बोलता बोलता मी आईचं नाव न घेता तिची टरही उडवलेली आहे.

मग ते प्रदर्शन आलं. शाळा शिरोड्याला. मुलांनी घराघरांतून जुन्या वस्तू आणायच्या आणि परिसराचा इतिहास मांडायचा, अशी कल्पना माझीच. कुणी मिठागरातलं लाकडी फावडं आणलं, कुणी जुनी वजनं. मी आईकडून डबा मागून घेतला. तिने त्यातली मिश्री काढली, डबा राखेने घासला, पदराने पुसला आणि दिला. मी तो टेबलावर मांडला आणि माझ्या ठसठशीत अक्षरात खाली चिठ्ठी लावली : "गुलामीची गोड आठवण. मारणाऱ्या हाताने दिलेला खाऊ." हेडसरांना ती ओळ फार आवडली. मलाही आवडली होती, खोटं कशाला सांगू.

आई दुपारच्या एसटीने प्रदर्शन बघायला आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर. चौथी शिकलेली बाई. चिठ्ठीवर बोट ठेवत, ओठ हलवत तिने ती वाचली. दोनदा वाचली. मग डबा उचलून पिशवीत टाकला आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. टेबलावर नुसती माझी चिठ्ठी उरली. परत येताना गाडीत मी तिला सुनावलं की इतिहास कुणाच्या आवडीनिवडीने चालत नाही. त्यानंतर माझ्यासमोर तिने पाकल्याची गोष्ट काढली नाही, आणि मला वाटलं की चला, एक माणूस तरी आपण सुधारला.

तीनेक वर्षं गेली. माझा धाकटा भाऊ गोव्यातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. रोज सकाळी मोटरसायकलने पूल ओलांडून जायचा. हॉटेल दुसऱ्या मालकाकडे गेलं, जुनी माणसं कमी झाली, त्यात तो गेला. वर्षभर इकडेतिकडे केलं. कुठे धड जमेना. घरात बायको, दोन शाळकरी मुली आणि आई. हसता खेळता माणूस, पण जेवताना ताटातून मान वर काढेनासा झाला. मग पलीकडच्या मित्रांकडून त्याला कळलं की पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्याच्याबरोबरचे तिघे असे गेलेही होते. आमची आई पाकल्यांच्या राज्यात जन्मली हे तर वाडीतल्या पोरासोरांना पाठ होतं.

मी कडाकडा भांडले. आजोबांच्या हातांची तरी लाज बाळग, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ताय, तुझ्या इतिहासान माका नोकरी गावाची नाय." वर्गात कुणी असं म्हटलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

एजंटाने पलीकडच्या नोंदणी कचेरीत जुनी बाडं शोधून काढली आणि दीड महिन्यात नोंद सापडली. तपकिरी शाईतली तिरपी पोर्तुगीज अक्षरं, खाली आजचा शिक्का. मुलीचं नाव, बापाचं, आईचं, दिवस, महिना, वर्ष, सगळं. भाऊ येताना सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन आला. वहिनीने आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, आमच्या निम्म्या गावाची आहे तशी. म्हणून भावाने कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला की आई, तुझा खरा वाढदिवस सापडला. आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिने कागदावरून तळहात फिरवला.

"अजून आसा ता?" ती म्हणाली. "माका वाटला, पाकल्यांबरोबर गेला."

आता एवढंच उरलं होतं की आईने अधिकाऱ्यासमोर जाऊन ही नोंद माझीच, असं शपथेवर सांगायचं, सही करायची, आणि घरच्या एका माणसाने साक्षीदार म्हणून सही करायची. साक्षीदार म्हणून भावाने माझं नाव दिलं. शिक्षिका आहे, वजन पडेल, म्हणाला. सहीच्या आदल्या रविवारी सकाळी आईचा मला फोन आला की मला माहेरी घेऊन चल. माहेरी आता कुणी नाही. आजी-आजोबा जाऊन खूप वर्षं झाली, मामा मुंबईला, घराला कुलूप. तरी मी स्कूटर काढली आणि तिला मागे बसवून पुलावरून पलीकडे गेले.

ती घराकडे गेलीच नाही. परड्यातून वाट काढत खाडीच्या अंगाला एक जुनं सुरंगीचं झाड आहे तिथे गेली. झाडाखाली गवतात दोन चिरे आडवे पडलेले होते. ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि मलाही बसायला सांगितलं.

"झिलाक जिचो कागद गावलो," ती म्हणाली, "ती हंय आसा."

मुलाला जिचा कागद सापडला ती इथे? मला कळायला वेळ लागला. आई मात्र थांबली नाही, जणू ते सगळं तिने रात्रंदिवस जुळवून ठेवलं होतं. तिच्या आधी एक बहीण होती. तेच नाव. साडेतीन वर्षांची होऊन तापाने गेली, पाकले जायच्या आधीच्या पावसाळ्यात. लहान पोरांना आमच्याकडे जाळत नाहीत, तिला इथे पुरलं. मेल्याची नोंद करायची तर चौकीवर जायचं. आजोबांच्या हातांना तेव्हा फडकी बांधलेली होती, आणि पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवणार नाही असं त्यांनी देवासमोर म्हटलेलं होतं. ते गेले नाहीत. पाकल्यांच्या वहीत ती पोर जिवंतच राहिली. पुढे हिवाळ्यात पाकले गेले, आणि वर्षभराने आई जन्मली. गेलेल्या मुलाचं नाव पाठच्याला ठेवायची आमच्याकडे चाल होती, तसं तिला ते नाव दिलं. नाव आधीच वहीत आहे तर पुन्हा कशाला लिहायचं, असं म्हणून तिची नोंद कुणी केलीच नाही. शाळेत मास्तरांनी सांगितलं ते वय लिहिलं, लग्नात कुणी कागद मागितला नाही.

म्हणजे पाकले गेल्यानंतर माझी आई जन्मली होती. मी वर्षानुवर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेते. माझ्या आईच्या गोष्टींची सनावळ मी एकदाही ताडून पाहिली नव्हती.

आणि मी काय विचारलं? माझी मावशी त्या चिऱ्यांखाली होती, आईचा हात चिऱ्यावर होता, आणि मी विचारलं, "म्हणजे पाकला तू बघितलाच नाहीस? इतकी वर्षं तू आम्हाला खोटं सांगितलंस?" हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी बाकी काहीही दिलं असतं.

तिला राग आला नाही. ती म्हणाली, लहानपणी तिलाही ते खरंच वाटायचं. आजी तिला मांडीवर घेऊन सांगायची : तू पाकल्याच्या बुटाच्या नाड्या सोडल्यास, तू कोंबडीला गोळी घातलीस. तुझ्या बहिणीने, असं आजी कधीच म्हणाली नाही. ऐकून ऐकून आईला ती पायरी, ते बूट दिसायलाही लागले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रंक भरताना आजीने डबा आत ठेवला आणि तिला रडू फुटलं, तेव्हा कळलं की डबा कुणाचा.

"मग पुढेही का सांगत राहिलीस?" मी विचारलं, या वेळी जरा हळू.

"मी सांगलंय नसतंय तर ती खंय उरतली होती?" आई म्हणाली. "एक फोटो नाय, एक झगो नाय. बुटाच्यो नाडयो सोडल्यान, हसली, कोंबयेक गोळी घातल्यान. इतक्याच तिचा आसा, बाय. ता मी माझ्या तोंडान सांगलंय."

त्या क्षणी मला माझी चिठ्ठी आठवली. एका मेलेल्या पोरीच्या एकुलत्या एक खेळण्याखाली मी ती लावली होती, आणि आईने ती बोट ठेवून दोनदा वाचली होती. मला तिथे रडू कोसळलं. आई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, म्हणजे सांत्वन कुणी कुणाचं करायचं तेही उलटंच झालं.

रडणं आवरल्यावर तिने मला ज्यासाठी आणलं होतं ते विचारलं. "तू पोरांका खरा खोटा शिकयतंस. सांग माका. सही करू?"

मी आधी म्हटलं, नको करूस. मग भावाचं ताटात खाली घातलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं, त्याच्या मुली आल्या. मी म्हटलं, तुला वाटेल तसं कर. इतिहासाच्या शिक्षिकेने याहून भित्रं उत्तर दिलं नसेल. आईने गवत उपटून चिरे जरा मोकळे केले. म्हणाली, मुलाला खरं सांगितलं तर तो एक शब्द न बोलता कागद फाडेल, आणि मग त्याच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. मग खाडीकडे बघत म्हणाली, "तिका खंयच जावक गावला नाय. जाव दे तिका." आणि भावाला हे कधी कळता कामा नये, असं माझ्याकडून वदवून घेतलं.

अधिकारी भला माणूस होता. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद तिच्यासमोर धरून विचारलं की आजी, ही नोंद तुमचीच ना. कचेरीत गेल्यावर आम्ही सगळे बोलतो तशा शुद्ध मराठीत आई म्हणाली, "होय. माझीच." तिचा आवाज हलला नाही. पिशवीतला डबा मात्र तिने दोन्ही हातांनी धरलेला होता. खाली मी साक्षीदार म्हणून सही केली. त्या दोन सह्यांनी माझी मावशी जिवंत राहिली आणि माझी आई जन्मलीच नाही.

कागद पुरे व्हायला दीड वर्ष गेलं. इथला पासपोर्ट परत करून आला त्या दिवशी भाऊ ओसरीवर बसून हुंदके देऊन रडला. ज्या दिवसासाठी एवढा उतावळा होतास त्याच दिवशी रडतोस काय, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण हल्ली मी जीभ जरा आवरते.

आता तो पोर्तुगालात समुद्रकाठच्या एका गावात हॉटेलच्या स्वयंपाकघरातच आहे. काम तेच, फक्त देश दुसरा. बायको-मुलींना न्यायला अजून अवकाश आहे. त्याच्या खोलीशेजारी एक म्हातारा राहतो, नव्वदीकडे झुकलेला. तरुणपणी तो शिपाई म्हणून गोव्यात होता. भाऊ तिकडचा, हे कळल्यावर त्याने भावाचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणलं. आमचा गोवा, आमचा गोवा, म्हणत असतो म्हणे. भाऊ हे फोनवर हसत सांगत होता. मला माझ्या ग्रंथालयातले साहेब आठवले आणि मी तोंड वाकडं केलं.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. त्या म्हाताऱ्याला विचार, म्हणाली, तो पेडण्याच्या बाजूला कधी होता का. एका घराच्या पायरीवर बसून पाणी प्यायला होता का. भावाला वाटलं, झाली आईची जुनी टकळी सुरू. तरी बिचाऱ्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. म्हातारा पुरी दोन वर्षं पणजीच्या बराकीत होता, घरी जायचे दिवस मोजत होता, आणि कुठलं मूल वगैरे त्याला काही आठवत नाही.

"बरा," आई म्हणाली. "असू दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की तिला राजवट नको होती, पाव नको होता, चीज तर तिने चाखलंही नव्हतं. त्या पोरीला हसताना पाहिलेलं जगात कुणी उरलं असलंच तर तो एक पाकला होता, आणि आई त्याला शोधत होती.

हे मी लिहिते आहे ते नावं गाळून. भावाच्या हाती पडलं तर तो ओळखेल, ही भीती आहेच, आणि आईला दिलेला शब्द मोडतेय हेही मला कळतं. पण ती चिठ्ठी मी चारचौघांत लावली होती. ती चारचौघांतच काढायला हवी.

गेल्या महिन्यात कागदावरचा तो दिवस आला. भावाने मुलींना फोनवरून बजावून केक आणवला होता. मुलींनी आजीला मध्ये बसवलं, तिकडून भाऊ पडद्यावर आला, पांढरी टोपी घालून, मागे भांड्यांचा खडखडाट. सगळ्यांनी गाणं म्हटलं. आईने केक कापला, भावाच्या दिशेने एक तुकडा धरला, पोटभर जेव, म्हणाली. इतकी प्रसन्न दिसत होती की वहिनीने तिचे चार फोटो काढले.

फोन बंद झाल्यावर ती केकचा एक तुकडा घेऊन मागल्या दारी गेली. मी पाठोपाठ गेले. तिने तुकडा कुस्करून कोंबडीपुढे टाकला. कोंबडीने एकदा टोचून पाहिला आणि सोडून दिला.

"अडुसष्ट झाली तिका," आई म्हणाली.

"आणि तुला?" मी विचारलं.

तिने पदराला हात पुसले. "माझा कोणी लिवन ठेवल्यान नाय, बाय."